विसर्जनाच्या दिवशी पेठेत गाडी न्यावी का? आणि नेलीच, तर बाहेर कधी निघते?

गोदाकाठ | सोमवार, १ सप्टेंबर २०२५

मंडळी, जरा सल्ला हवाय. पुणेकरांनी (आणि माजी पुणेकरांनी) हात सैल सोडून लिहा.

आम्ही नाशिकला असतो. भाऊ पेरूगेटजवळ, सदाशिव पेठेत, तिसऱ्या मजल्यावर. आईबाबा माझ्याकडे असतात. बाबा ७८, आई ७१ आणि तिच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. दोघांची उमेदीची वर्षं नारायण पेठेत गेली, पण गेल्या नऊ वर्षांत मिरवणूक पाहिलेली नाही. यंदा अनंत चतुर्दशी शनिवारी आली आहे, तेव्हा न्यायचं ठरवलं.

बेत असा: शनिवारी पहाटे चारला निघायचं, साडेआठपर्यंत पेरूगेट. भावाकडे गाडी नाही, त्यामुळे सोसायटीतली त्याची जागा मोकळीच असते. गाडी तिथे लावायची, मानाचे पाच पाहायचे, रात्री झोपायचं, रविवारी सकाळी सातला परत. सोमवारी मला ऑफिस आहे.

गेल्या वर्षीचं वाहतूक पोलिसांचं पत्रक तीनदा वाचलं. कुठला रस्ता किती वाजता बंद होणार ते ओळीने दिलंय. उघडणार कधी, त्यापुढे सगळीकडे एकच: मिरवणूक संपेपर्यंत. हे म्हणजे नेमके किती वाजता?

पेरूगेटचा पोपट | सोमवार, १ सप्टेंबर

ताई, तुमच्या बेतातला पहिला अर्धा भाग एक वेळ जमेल. दुसरा अर्धा विसरा.

मी तुमच्या भावाच्या हाकेच्या अंतरावर राहतो, तेव्हा सांगतो. लक्ष्मी रस्ता, शिवाजी रस्ता सकाळी लवकरच बंद होतात. टिळक, केळकर, बाजीराव, कुमठेकर, शास्त्री हे टप्प्याटप्प्याने. खंडोजीबाबा चौकाकडे येणारे कर्वे, जंगली महाराज आणि फर्ग्युसन त्यानंतर. आता नकाशा डोळ्यांपुढे आणा. पेरूगेटच्या एका अंगाला टिळक रस्ता, दुसऱ्या अंगाला कुमठेकर आणि त्यापलीकडे लक्ष्मी. पूर्वेला बाजीराव रस्ता, पश्चिमेला टिळक चौक, म्हणजे आपला अलका. चारही बाजूंनी मिरवणूक. मधली गल्ली मोकळी असते हो, पोरं त्यात क्रिकेट खेळतात. पण तिच्या दोन्ही तोंडांना बांबू आडवा बांधलेला असतो आणि त्या बांबूशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर एक हवालदार. ती सुतळी सुटेपर्यंत तुमची गाडी कुलपात.

आता सुटते कधी? मिरवणूक सकाळी मंडईतल्या टिळक पुतळ्यापासून निघते आणि हल्ली अठ्ठावीस तासांच्या खाली आटपतच नाही. म्हणजे रविवारी सकाळी सातला तुम्ही गॅलरीतून चहा पीत खाली उभी असलेली मंडळं मोजाल.

चौथा गिअर | सोमवार, १ सप्टेंबर

नाशकातली मिरवणूक सोडून पुण्याला? एमएच १५ ची निष्ठा ती हीच का?

(हलकेच घ्या. पोपटरावांशी सहमत.)

शून्य मैल | सोमवार, १ सप्टेंबर

एक साधा मुद्दा. शनिवार, त्यातून सुट्टी. नो पार्किंगच्या पाट्या कामाच्या दिवसांसाठी असतात. सुट्टीला टोइंगवाले फिरत नाहीत. टिळक रस्त्याच्या आतल्या एखाद्या बोळात सकाळी लवकर लावून टाका, कोणी विचारत नाही.

खाकी पिशवी | सोमवार, १ सप्टेंबर

शून्य मैल, कृपया हा सल्ला कोणाला देऊ नका. स्वतःही पाळू नका.

रोजचं पी-१ पी-२ पार्किंग वेगळं. सम तारखेला या बाजूला, विषम तारखेला त्या. विसर्जनाच्या दिवशी ते सगळं बाजूला ठेवून वेगळी अधिसूचना निघते, मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५, ११६, ११७ खाली. मिरवणुकीच्या रस्त्यांवर तर गाडी लावायची नाहीच, त्यांना येऊन मिळणाऱ्या उपरस्त्यांवरही १०० मीटरपर्यंत नाही. पेठेत १०० मीटर म्हणजे काय ते पेठेतल्या माणसाला विचारा. एका मिरवणूक रस्त्यापासून शंभर पावलं मोजत निघालात की दुसरा रस्ता येतो. म्हणजे कायदेशीर बोळ उरतच नाही.

आणि टोइंग फिरत नाही म्हणता? आदल्या रात्रीपासून फिरतं. कर्णा लावून पुकारा करतात, "एमएच बारा, पांढरी ॲक्टिव्हा, गाडी काढा." ॲक्टिव्हावाला गॅलरीत दात घासत असतो, तो धावत येतो. नाशिकहून आलेला माणूस कुठून धावणार? दंडाची पावती पाचशेची, उचलून नेल्याचे वेगळे, आणि गाडी कुठल्या आवारात नेऊन टाकली ते शोधण्यात जाणारा दिवस वेगळा.

तोरिनोची सून | मंगळवार, २ सप्टेंबर

अवांतर, पण शून्य मैल यांच्यासारखीच चूक आम्ही इथे इटलीत केली होती म्हणून लिहिते. इथे जुन्या गावभागात ठरावीक वेळेत बाहेरच्या गाड्यांना बंदी असते, त्याला झेडटीएल म्हणतात. पाटीवर एकमेकांवर आडवे ठेवलेले दोन हातोडे असले की ती वेळ कामाच्या दिवसांची, क्रूस असला की सुट्टीच्या दिवसांची. आम्ही शनिवारी हातोडे पाहिले, म्हटलं आज काय, सुट्टीच, आणि घातली आत. इथे शनिवार कामाच्या दिवसांत धरतात! भर म्हणून प्रत्येक शहराची आपल्या संताच्या नावाची सुट्टी निराळी. आमच्या तोरिनोची आणि फिरेंझेची २४ जून, मिलानची ७ डिसेंबर. पाहुण्याला काय कळणार? इथे बांबू नाही, हवालदार नाही, कमानीवर नुसता कॅमेरा. कोणी अडवत नाही आणि काही महिन्यांनी घरी पाकीट येतं. तुमचा सुतळीवाला हवालदार परवडला. निदान तोंडावर नाही म्हणतो.

नदीपात्र | मंगळवार, २ सप्टेंबर

माझं नाव पाहिलंत ना? ते या दिवसामुळेच पडलंय.

पोलीस आणि महापालिका दरवर्षी वाहनतळांची यादी देतात. फर्ग्युसन, आपटे प्रशाला, देसाई महाविद्यालय, हमालवाडा, दांडेकर पूल ते गणेश मळा, नदीकाठी पुलाची वाडी वगैरे. त्यातल्या काही जागा फक्त दुचाकींसाठी असतात, ते न वाचता लोक चारचाकी घेऊन जातात आणि मग फाटकाशी वाद घालतात. यादी नीट वाचावी एवढंच.

माझी गोष्ट नदीकाठची. काही वर्षांपूर्वी गाडी पात्रातल्या रस्त्यालगत लावली. मोकळी, प्रशस्त जागा, पैसे नाहीत, अलका चौक दहा मिनिटांवर. इतकी चांगली जागा पुणेकरांनी मोकळी का सोडली असेल, हा प्रश्न मला पडायला हवा होता. भाद्रपदाचा मध्य म्हणजे खडकवासला धरण काठोकाठ. वर घाटात पाऊस झाला की विसर्ग वाढवतात आणि मुठेचं पाणी आधी भिडे पुलावर, मग पात्रातल्या रस्त्यावर येतं. भोंगा फिरवून सूचना देतात, देत नाहीत असं नाही. पण मी बेलबाग चौकात ढोलांच्या कल्लोळात उभा. मला कुठला ऐकू येतोय भोंगा? रात्री परत आलो तेव्हा चाकं अर्धी पाण्यात. चार अनोळखी पोरांनी ढकलून वर काढून दिली. पायपुसण्यांना चिखलाचा वास दिवाळीपर्यंत होता.

तेव्हा पात्रात लावायचीच असेल तर आधी खडकवासल्याची बातमी बघा.

मधली आळी | मंगळवार, २ सप्टेंबर

गोदाकाठ, वडील ७८ वर्षांचे आहेत म्हणून मुद्दाम लिहितेय. माझे सासरे डायलिसिसवर होते, आठवड्यातून तीनदा. त्यांची एक पाळी विसर्जनाच्या दिवशी आली. पहिल्या वर्षी आम्ही फाइल हातात घेऊन निघालो. पहिल्या बांबूवरच्या पोलिसाने लगेच सोडलं, दुसऱ्यावरच्यानेही सोडलं. तिसऱ्याने सोडायचा प्रश्नच नव्हता, कारण समोर पथक उभं होतं, दीडशे ढोल. पथकातल्या मुलींनी कडं करून आम्हाला वाट काढून दिली, खोटं कशाला बोलू. पण गाडी पावलाच्या वेगाने सरकत होती, काचेवर गुलाल, आत सासरे डोळे मिटून बसलेले. दीड किलोमीटरला पाऊण तास लागला.

रुग्णवाहिकेला वाट मिळते. लोक भराभर बाजूला होतात, ते दृश्य दरवर्षी दिसतं. आपल्या गाडीला मात्र ती मिळेलच असं धरून चालू नका. पुढच्या वर्षापासून आम्ही आदल्या दिवशीच त्यांना कर्वेनगरला नणंदेकडे पोचवायचो. तुमच्या वडिलांची रोजची औषधं, एखादं जास्तीचं पान, दोन दिवसांचं जवळ ठेवा. पेठेतली औषधांची दुकानं उघडी असली तरी तिथवर पोचणं हे एक प्रकरण असतं.

गोदाकाठ | मंगळवार, २ सप्टेंबर

बापरे. मधली आळी, खूप आभार, औषधांचं डोक्यातच आलं नव्हतं.

मग गाडी शहराबाहेरच ठेवायची का? माझी मावसबहीण पिंपरीत, संत तुकारामनगरला राहते. तिच्याकडे लावून पुढे रिक्षा?

वर्तुळाकार | मंगळवार, २ सप्टेंबर

आता कसं बोललात!

ज्यांना गाडीने शहर ओलांडायचंच आहे त्यांच्यासाठी पोलीस वर्तुळाकार मार्ग देतात. नळस्टॉप, विधी महाविद्यालय रस्ता, सेनापती बापट रस्ता, गणेशखिंड रस्ता, वेधशाळा चौक, संचेती, इंजिनिअरिंग कॉलेज, आरटीओ, मालधक्का, नेहरू रस्ता, सेव्हन लव्ह्ज, मार्केट यार्ड, मित्रमंडळ, दांडेकर पूल, म्हात्रे पूल, परत नळस्टॉप. हे वर्तुळ पाठ करा. माझा नियम असा की त्या दिवशी गाडी या रेषेच्या बाहेर. रेषेवर गाडी चालवायची, लावायची नाही. आतल्या बाजूला तर चाक वळवायचंच नाही. मग त्या मोबाइलमधल्या बाईने "डावीकडे वळा" असं कितीही गोड आवाजात सांगितलं तरी. तिला बांबू दिसत नाही.

रिक्षा मात्र नको. आत येणार नाही, आणि वर्तुळावर सोडून जो आकडा सांगेल त्यात नाशिकची एसटी येईल.

भुयारी | बुधवार, ३ सप्टेंबर

तीन दिवस धागा चाललाय आणि अजून कोणी मेट्रो म्हणेना? धन्य आहे.

संत तुकारामनगरला स्टेशन आहे. तिथे बसलात की गाडी न बदलता थेट मंडई. शिवाजीनगर न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा गेल्या वर्षी २९ सप्टेंबरला सुरू झाला, म्हणजे तेव्हाचं विसर्जन होऊन गेल्यावर. मंडई आणि कसबा पेठ स्टेशन हाताशी असलेला हा पहिलाच गणेशोत्सव. विसर्जनाला तर शनिवारी सकाळी सहापासून रविवारी रात्री अकरापर्यंत सलग ४१ तास मेट्रो चालू ठेवणार आहेत. तुमच्या आईला जिना नको, लिफ्ट आहे.

फक्त शनिवारी मंडईला उतरू नका. मिरवणुकीचा श्रीगणेशाच तिथून. स्टेशनातून वर आलात की थेट गर्दीच्या पोटात, आणि तिथून बाजीराव रस्ता ओलांडून पेरूगेट, गुडघेवाल्या आईला घेऊन? शुक्रवारी या. तेही दुपारी. संध्याकाळ झाली की देखाव्यांच्या गर्दीसाठी रस्ते पुन्हा बंद.

पेरूगेटचा पोपट | बुधवार, ३ सप्टेंबर

भुयारींना अनुमोदन. शुक्रवारी दुपारी मंडईहून चिमण्या गणपतीवरून चालत या, हळूहळू वीसेक मिनिटं. वाटेत आईला बसायला कट्टे भरपूर आहेत, पेठेचं तेवढं बरं आहे.

परतीचं मात्र गाडी पिंपरीत असली तरी सोपं नाही. रात्री बारा ते सहा स्पीकर बंद ठेवावे लागतात. मग मंडळं काय करतात? पुढे सरकून विसर्जन उरकतात? छे. जागच्या जागी थांबतात. ट्रॉलीला टेकून पोरं झोपतात, कोणी वडापाव आणतं, आणि सहाच्या ठोक्याला पुन्हा दणका. म्हणजे मधले सहा तास मिरवणूक संपतही नाही आणि चालतही नाही. लक्ष्मी रस्ता त्या मानाने लवकर मोकळा होतो. रेंगाळतो तो टिळक रस्ता. त्यामुळे रविवारी सकाळची कुठलीही वेळ कोणाला देऊ नका.

ढोलकर | बुधवार, ३ सप्टेंबर

मीही पथकात वाजवतो. एक सांगू? पेठेतले लोक अकरा महिने "आमच्याकडचा उत्सव" म्हणून मिरवतात आणि बाराव्या महिन्यात गाडीसाठी रडतात. चोवीस तास गाडी नाही निघाली तर काय होतं?

खाकी पिशवी | बुधवार, ३ सप्टेंबर

ढोलकर, वर मधली आळी यांचा प्रतिसाद वाचलात का? वाचून मग लिहा.

ढोलकर | बुधवार, ३ सप्टेंबर

वाचला. शब्द मागे. त्या मुलींसारखं कडं आम्हीही करतो, पण आपल्यामागे अडकलेल्या गाडीत कोण बसलंय ते ढोल गळ्यात असताना खरंच दिसत नाही.

आजीचा डबा | गुरुवार, ४ सप्टेंबर

रुमाल टाकून जागा धरून ठेवते, सविस्तर नंतर वाचेन, आमच्याकडेही पाहुणे आहेत.

ताई, मानाचे पाच आणि दगडूशेठ असं दोन्ही पाहायचं असेल तर मध्ये आईबाबांना घरी नेऊन जेवू घाला. दगडूशेठ पूर्वी पहाटे यायचा, २०२३ पासून दुपारी चारच्या सुमारास मिरवणुकीत येतो. त्या वेळची बेलबाग चौकातली गर्दी म्हाताऱ्या माणसांची नव्हे.

गोदाकाठ | मंगळवार, ९ सप्टेंबर

सुखरूप परत आलो. सल्ले दिलेत, तर वृत्तांत देणं लागते.

शुक्रवारी दुपारी गाडी मावसबहिणीकडे लावली आणि मेट्रोने मंडई. बाबा पहिल्यांदाच मेट्रोत बसले. मुठेखालून गाडी जाते म्हटल्यावर "वर पाणी आहे का आत्ता?" असं शेजारच्या मुलाला दोनदा विचारलं. मंडईहून पेरूगेट पस्तीस मिनिटं लागली, कारण बाबांना दर दहा पावलांवर ओळखीचं दुकान किंवा ओळखीच्या दुकानाची जागा भेटत होती.

शनिवारी सकाळी भावाच्या मित्राच्या गॅलरीत, लक्ष्मी रस्त्यावर. मानाचे पाचही पाहिले. तांबडी जोगेश्वरी समोर आली तेव्हा आई उठून उभी राहिली आणि पालखी वळेपर्यंत बसली नाही. गुडघ्याचं नाव नाही. बाकी मिरवणुकीचं वर्णन करत नाही, तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय.

आता मुद्द्याचं. रविवारी सकाळी सातला मी खरंच गॅलरीत चहा घेऊन उभी होते. पोपटराव, टिळक रस्त्याच्या बाजूने दणदणाट चालूच होता, कपातला चहा थरथरत होता. दुपारी जेवणं झाली तरी तसंच. खाली सोसायटीत एक तरुण जोडपं होतं, त्यांची गाडी पार्किंगमध्ये. फाटकासमोर एका मंडळाचा जनरेटरचा टेंपो लावलेला आणि चालक बेपत्ता. नवऱ्याला संध्याकाळची मुंबईची बैठक गाठायची होती. तो टेंपोला प्रदक्षिणा घालत होता आणि बायको वरून सांगत होती, "मी शुक्रवारीच म्हटलं होतं." मी आमच्या गाडीची किल्ली पर्समध्ये चाचपून पाहिली. पिंपरीत. वर्तुळाच्या बाहेर.

आईचं वेगळंच चाललेलं. रात्री खग्रास चंद्रग्रहण, दुपारीच वेध लागले, त्याआधी जेवून घ्या म्हणून वहिनीच्या मागे लागली. "ग्रहणाच्या आत तरी सगळे गणपती बुडवतील का रे?" असं भावाला दर तासाला विचारत होती. शेवटी साडेसातला निघालो. रस्त्यावर चपलांचा ढीग, फुलं, गुलालाचा चिखल, आणि महापालिकेचे झाडूवाले कामाला लागलेले. कोपऱ्यावरचा बांबू सुटला होता, सुतळी तेवढी खांबाला लोंबत होती. हवालदार खुर्ची घडी करून काखेत मारून चालला होता. बाबांनी त्याला नमस्कार केला. तो म्हणाला, "काका, आता जाऊन झोपतो."

मेट्रोत बसायला जागा मिळाली. नाशिकला पोचायला मध्यरात्र उलटली. मंचरच्या पुढे गाडी कडेला घेऊन ढगांच्या फटीतून तांबडा चंद्र पाहिला. आईने गाडीतून उतरायला नकार दिला, काचही वर करायला लावली. सोमवारी ऑफिसला साडेअकराला गेले, ते जाऊ दे.

भुयारी | मंगळवार, ९ सप्टेंबर

वा! आणि वर पाणी होतं का?

गोदाकाठ | मंगळवार, ९ सप्टेंबर

त्या मुलाने सांगितलं, "असेल, काका." तेवढ्यावर बाबांचं समाधान झालं नाही. परतताना पुन्हा दुसऱ्याला विचारलं.

चौथा गिअर | मंगळवार, ९ सप्टेंबर

टेंपोवाल्याचं काय झालं?

पेरूगेटचा पोपट | मंगळवार, ९ सप्टेंबर

ते मी सांगतो, कारण तो टेंपो माझ्या खिडकीतूनही दिसत होता. चालक त्याच टेंपोत, ताडपत्रीखाली झोपला होता. संध्याकाळी पाचला उठला.

शून्य मैल | बुधवार, १० सप्टेंबर

पंचांग पाहिलं. पुढच्या वर्षी अनंत चतुर्दशी २५ सप्टेंबर, शुक्रवार. म्हणजे आम्ही नोकरदार गुरुवारी रात्री ऑफिसातून निघून गाडी कुठे लावायची?

वर्तुळाकार | बुधवार, १० सप्टेंबर

ऑफिसातच.